वहीतल्या बारा वेली

मला एक सांगा, तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल? आल्या आल्या 'सगळं झकास आहे' म्हणणाऱ्यावर, की दारात चपला काढता काढताच 'आज एक गेली' असं सांगणाऱ्यावर? घाईनं उत्तर देऊ नका. मी नौपाड्यात पेंडीचं दुकान चालवलं. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. तरी या एका प्रश्नाचं माझं उत्तर चुकीचं होतं, हे कळेपर्यंत फार उशीर झाला.

दुकानात किस्से साठतात ते रिकाम्या बारदानांसारखे. कोपऱ्यात टाकत जायचं. एक दिवस एखादं उचलून झटकावं, तर खालून दुसऱ्याच मालाचा वास येतो. आज सांगतोय तो ढीग व्हॅनिलाचा. हो, व्हॅनिला! आइस्क्रीमवाले वापरतात ती. तिची वेल असते, वेलीला शेंग येते, हे मलाही तोवर माहीत नव्हतं.

माझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसणारी माणसं मोजकी. एक गद्रे मास्तर, ठाण्याच्या शाळेत शास्त्र शिकवून रिटायर झालेले, डोंबिवलीला राहायला गेले तरी संध्याकाळी इकडे यायचे. दुसरा आंबिवलीचा दामू पाटील, काळू नदीच्या काठी त्याचा पानमळा. माझी पेंड त्याच्या मळ्यात जायची, त्याची पानं ठाण्याच्या बाजारात यायची. आणि दामूची बायको सखूबाई. ती बाकड्यावर कधी बसली नाही. तिला सुनवायचं असेल ते तिनं उभ्यानंच सुनवलं.

*

मास्तरांचा एकुलता एक मुलगा श्रीधर कॉलेज अर्धवट सोडून बोटीवर लागला, इंजिनरूममध्ये. मास्तरांची बायको आधीच गेलेली. "ज्याला पुस्तकातलं इंजिन समजलं नाही तो खरं काय चालवणार!" एवढं म्हणून मास्तरांनी बोलणं तोडलं. दोन वर्षं घरात श्रीधरचं नाव नाही.

रेशनचे दिवस होते. एका रविवारी मी डोंबिवलीला मास्तरांकडे ओसरीवर बसलो होतो. श्रीधर फाटकातून आत आला. हातात साबणाचं खोकं. वडिलांच्या पाया पडला, मास्तरांनी पाय मागे घेतले. पोरानं खोकं उघडलं. आत ओल्या गोणपाटात गुंडाळलेली बारा हिरवीगार कांडं, हातभर लांब, बोटाएवढी जाड.

"मादागास्करच्या बंदरातनं आणल्यात. व्हॅनिला."

मास्तरांनी चष्मा पुसला. खोक्याभोवती एक फेरी मारली. मला वाटलं, आता हे खोकं विहिरीत जाणार!

मास्तर म्हणाले, "खालचं टोक कुठलं?"

"सुतळी बांधलीय ते, बाबा."

"मग उभा काय राहिलास? पाणी आण!"

श्रीधर चार दिवस राहिला. चार दिवसांत बाप-लेक बोलले ते फक्त वेलींबद्दल. तो गेल्यावर पत्रं सुरू झाली, तीही तशीच. 'जेवतोस का, झोपतोस का' हे मास्तरांनी कधी विचारलं नाही. विचारायचे, 'तिकडचे लोक बुंध्याशी पाचोळा किती बोटं घालतात?' उलट टपाली उत्तर यायचं, 'चार बोटं. पण खोडाला टेकू देत नाहीत. आपल्या किती जगल्या?'

आपल्या, असं लिहायचा. वेलींशिवाय दोघांकडे बोलायला दुसरं काही नव्हतं. मी व्यापारी माणूस, मला तेव्हाच दिसलं की या घराचा सगळा भार बारा कांडांवर टांगलाय.

*

डोंबिवलीची विहीर फाल्गुनात तळाला जायची, म्हणून वेली दामूच्या जागेत लावायचं ठरलं. नदीचं पाणी, वर पांगाऱ्याची सावली. दामूनं पानमळ्याच्या शेजारी बारा पांगारे नेमून दिले. वेल हातात घेऊन म्हणाला, "ही तं पानवेलीची जाडी बहीण!"

पहिल्याच दिवशी भांडण. मास्तर वहाणा घालून आत निघाले, दामू आडवा.

"चपला भायेर, मास्तर. मळ्यात चपला नाय."

"का? देव बसलाय आत?"

"आमच्या बापानं कधी घातली नाय. दुसऱ्याच्या मळ्यातनं आलेला माणूस तं पाय धुऊन आत घ्यायचा. आनि आत रोगाचं नाव काढायचं नाय. वेल बसली तरी 'पावना आला' म्हणायचं."

मास्तर असल्या गोष्टींवर चिडायचे. शाळेत त्यांनी एका पोराच्या गळ्यातला ताईत तराजूत टाकून तोलला होता! पण त्या दिवशी ते वाकले, वहाणेचा तळ उलटा करून बघितला. चिखल होता. बराच वेळ बघत राहिले आणि ओरडले, "अरे दामू, एका मळ्यातली रोगट माती दुसऱ्या मळ्यात जायला नको! हे तर शुद्ध शास्त्र आहे!"

दामू म्हणाला, "शास्त्र नाय मास्तर, चिखल."

*

मुंबईहून एक एजंट आला होता. डोक्यावर हॅट, हातात पांढऱ्या पावडरचा डबा आणि पिचकारी. माझ्या दुकानात त्यानं अर्धा तास व्याख्यान दिलं. पेंड, राख, ताक हे सगळं जुनं झालं म्हणे, आता ही पावडर मारायची.

"किडा असो, बुरशी असो, काही राहत नाही. सगळं मरतं!"

दामू बाकड्यावर पानांचे कवळे, म्हणजे जुड्या, मोजत होता. त्यानं मान वर केली. "सगळं?"

"सगळं!"

"मंग वेल पन 'सगळ्यात'च येते ना?"

एजंटानं डबा बंद केला. मास्तर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मारणं सोपं आहे हो. आपल्याला काय जगवायचंय ते आधी ठरवा." आणि त्यांनी आम्हा दोघांना बसवून त्यांची पद्धत समजावली. मी ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली.

पावसाळ्यात बुंध्याशी पाणी थांबू द्यायचं नाही. कुजलेला पाचोळा आणि निंबोळी पेंड, दोन्ही बुंध्यापासून वीतभर लांब. दर आठवड्याला बाराही वेली बघायच्या. पान पिवळं पडलं की बोटानं माती उकरून मूळ बघायचं. मूळ तपकिरी असेल आणि ओढल्यावर सालपट हातात येऊन आत नुसता दोरा राहत असेल, तर रोग लागला. मग वरचा धडका भाग कापून घ्यायचा, दुसऱ्या, स्वच्छ जागी मातीत टेकवायचा, तिथे त्याला नवी मुळं फुटतात. खालचं सगळं जाळायचं, आणि तो खड्डा महिनाभर उन्हात उघडा ठेवायचा.

"वेल वरून जिवंत दिसते, पण खाली मेलेली असते," मास्तर म्हणाले. "आठ दिवसांच्या आत कळलं तर वाचते. म्हणून विसूशेठ, वहीत जे दिसलं तेच लिहायचं. ठीक, पिवळं पान, किंवा मेली. चौथा शब्द नको."

दामूला लिहिता येत नव्हतं. तो ठाण्याला पानं घेऊन आला की सांगायचा, मी वहीत टिपायचो, आणि रविवारी वही घेऊन डोंबिवलीला जायचो.

*

दुसऱ्या वर्षी मास्तरांचे डोळे जायला लागले. काचबिंदू. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, गेलेलं परत येणार नाही. आंबिवलीला उतरून बांधावरून मळ्यात चालत जाणं थांबलं. श्रीधरची पत्रं मी वाचून दाखवायचो, उत्तरंही मीच लिहायचो.

पण डोळे गेले तशी जीभ धारदार झाली! कल्याणच्या एका व्यापाऱ्याकडून मी निंबोळी पेंडीची वीस पोती उचलली होती. त्यातली मूठभर मास्तरांना दाखवायला नेली. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले.

"विसूशेठ, यात अर्धा टरफलांचा भुगा आहे."

"कशावरून?"

"निंबोळीचा कडूपणा घशाशी जाऊन बसतो. हा जिभेच्या टोकावरच संपला. घ्या, तुम्ही चाखा."

मी चाखली. पेंडीच्या धंद्यात आयुष्य गेलं, पण पेंड तोंडात घालायची वेळ पहिल्यांदा आली. खरंच भुगा! वीसच्या वीस पोती परत केली. मास्तर म्हणाले, "मी सगळंच चाखतो. व्हॅनिलाचं पानसुद्धा चावून बघितलं होतं पहिल्या वर्षी. वास म्हणाल तर काही नाही, आणि ओठ दोन दिवस सुजून खाजत होते."

हे सखूबाईच्या कानावर गेलं. पुढच्या खेपेला ती दुकानात आली, त्या दिवशी शेजाऱ्याचा हात धरून आलेले मास्तर बाकड्यावर बसलेलेच होते. "काय मास्तर, आता शेणखतबी चाखूनच घेनार का?"

मास्तर गंभीरपणे म्हणाले, "नाही सखूबाई. ते वासावर भागतं."

त्यानंतर बाकड्यावर कुणी इतकं मोठ्यानं हसल्याचं मला आठवत नाही.

*

त्या भाद्रपदात पाचव्या वेलीचं पान पिवळं पडलं. दामूनं सांगितलं, मी त्याच संध्याकाळी डोंबिवली गाठली. मास्तरांनी पडल्या पडल्या एकेक गोष्ट सांगितली. किती वर कापायचं, कुठे टेकवायचं. दामूनं तंतोतंत केलं, त्याच पांगाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला स्वच्छ माती बघून वेल टेकवली. कापलं तिथे खोडाला गाठ धरली आणि महिन्याभरात वेलीला नवी मुळं फुटली. पाचवी वाचली!

पण तो महिना मी विसरलेलो नाही. मास्तर जेवेनात. भाताचा घास चिवडायचे आणि ताट सरकवायचे. श्रीधरच्या पत्राला उत्तर लिहायला मी पेन घेऊन बसलो.

"काय लिहू?"

"काही नको."

"काही नको म्हणजे?"

"पाच नंबरचं कळू दे. मग लिहू. तोवर लिहिण्यासारखं काय आहे?"

महिनाभर पत्र गेलं नाही. श्रीधरचं मात्र आलं. चारच ओळी. 'बाबा, वेली गेल्या का? गेल्या असतील तर तसं कळवा. मग मी त्रास देणार नाही.'

ते पत्र मी मास्तरांना वाचून दाखवलं, पण शेवटचं वाक्य गाळलं. खोटेपणा तिथून सुरू झाला, वहीतून नव्हे.

*

दिवाळीनंतर दामू आला. पानांची टोपली खाली ठेवली, पण पानं मोजायला घेईना.

"काय रे?"

"नववीला पावना आलाय."

मी वही उघडली. 'पिवळं पान' लिहायला हात गेला आणि थांबला. पाचवी वाचली, तरी माणूस महिनाभर जेवला नाही. म्हटलं, पद्धत तर आपल्याला माहीत आहे, वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेली आहे. मास्तरांना कशाला त्रास? "दामू, तूच कर. पाचवीचं केलंस तसं."

मी 'ठीक' लिहिलं.

दामूनं वरचा भाग कापला, खालचा जाळला, आणि कापलेली वेल त्याच खड्ड्यात टेकवली. जागा बदलायची, खड्डा उन्हात ठेवायचा, हे आम्ही दोघंही विसरलो. मास्तरांनी विचारलंच असतं, "जागा कुठली निवडलीस?" पण विचारायला मास्तरांना माहीत कुठे होतं? पंधरा दिवसांत नववी मेली. आता 'पिवळं पान' न लिहिता एकदम 'मेली' कसं लिहू? परत लिहिलं, 'ठीक'.

मग मास्तर म्हणायला लागले, एकदा मळ्यात नेऊन आणा, हात तरी लावतो. दामू घाबरला. त्यानं आपल्या पानमळ्यातली एक पानवेल मुळासकट, मातीच्या गड्ड्यासकट उचलली आणि नववीच्या पांगाऱ्याला लावली. म्हणाला, "हाताला वेल लागायला पायजे ना शेट."

सखूबाई बांधावर उभी होती. म्हणाली, "चपला भायेर काढता आनि खोटं आत नेता?"

आम्ही ऐकून घेतलं. पण तिलाही पुरतं दिसलं नव्हतं. त्या वर्षी दामूच्या पानमळ्यातही मर, म्हणजे मुळं कुजवणारा तोच रोग, लागलेली होती. ज्या मातीच्या भीतीनं दोन वर्षं कुणी वहाण आत नेली नाही, ती माती दामूनं ओंजळीनं आत नेऊन बुंध्याशी दाबली, आणि मी शेजारी उभं राहून बघितलं.

आठवी गेली. दहावी गेली. प्रत्येकीच्या जागी एक पानवेल. अकरावी, बारावी. मग सहावी, सातवी. प्रत्येक रविवारी मी डोंबिवलीला जायचो, वही उघडायचो आणि वाचायचो, "एक ठीक, दोन ठीक, तीन ठीक..." मास्तर डोळे मिटून ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "लिहा श्रीधरला. बाराच्या बारा!" त्या पत्रांतलं माझं अक्षर फार सुरेख आहे. खोटं लिहिताना माणूस अक्षर जपतो.

बाराच्या बारा ठीक, म्हणून मास्तरांनी उपाय सांगितले नाहीत. उपाय सांगितले नाहीत, म्हणून मरत गेल्या. एक-एक जाताना दर वेळी आठ दिवस हातात होते.

*

तिसऱ्या वर्षी माघात श्रीधर सुट्टीवर आला. तोवर तिसरी आणि चौथीही गेल्या होत्या. खऱ्या वेली राहिल्या तीन: पहिली, दुसरी, आणि गाठीची पाचवी. पाचवीला कळ्यांचा घोस आला होता.

मास्तर म्हणाले, "आता मळ्यात जायचंच." नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं.

आम्ही सकाळी पोचलो, कारण शेंग धरायला व्हॅनिलाच्या फुलात पराग हातानं टेकवावा लागतो, आणि फूल दुपारपर्यंत मिटतं. बांधाशी सगळ्यांनी चपला काढल्या. मास्तरांचा एक हात दामूच्या खांद्यावर, दुसरा पुढे. मागे श्रीधर, त्याच्या मागे मी, काखेत वही. सखूबाई पांगाऱ्याला टेकून उभी होती, नजर माझ्या वहीवर.

श्रीधरला डोळे होते. मागूनच त्याची नजर पहिल्या दोन वेली ओलांडून तिसऱ्यापाशी आली आणि थबकली. पातळ पान, ठळक शिरा. पानवेल ओळखायला बोटीवर जावं लागत नाही. त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. मी खाली मातीकडे बघत राहिलो.

मास्तर मोजत होते. "एक." जाड, गुळगुळीत पान बोटांत चुरमुरवलं. "दोन."

तिसऱ्या पांगाऱ्यावर हात गेला. बोटं पानावर फिरली. थांबली. परत फिरली. मग त्यांनी पान खुडलं आणि तोंडात घातलं.

मला पेंडीची वीस पोती आठवली.

मास्तर शांतपणे चावत राहिले. पूर्ण पान खाल्लं, गिळलं, पंच्यानं ओठ पुसले.

"तीन," म्हणाले, आणि पुढे झाले.

"चार." पाचवीपाशी हात खोडावरून खाली सरकत गाठीशी आला. तिथे बराच वेळ राहिला. "हिचं मला वेळेवर सांगितलं होतंत विसूशेठ. नाही का?"

दामूनं मान फिरवली. एक फूल उघडलं होतं, पिवळट हिरवं. मास्तरांनी श्रीधरला पुढे बोलावलं, बांबूची बारीक काडी त्याच्या हातात दिली आणि आतला पडदा कसा उचलायचा, पराग कसा टेकवायचा ते स्वतः न बघता सांगितलं. श्रीधरनं केलं. इंजिन चालवणारे जाड हात, पण फुलाची पाकळीसुद्धा दुमडली नाही.

पुढच्या सात पांगाऱ्यांपाशी मास्तर थांबलेच नाहीत. प्रत्येकाला नुसती हाताची पाठ लावली. "सहा. सात. आठ..." बाराव्यापाशी उभे राहिले.

"बारा. श्रीधर, तूही मोजल्यास ना?"

श्रीधर दामूकडे बघत होता. मग माझ्याकडे, काखेतल्या वहीकडे. मग वडिलांच्या चेहऱ्याकडे.

"मोजल्या बाबा," तो म्हणाला. "बारा."

"लिहा विसूशेठ."

मी लिहिलं, 'बाराच्या बारा ठीक'.

तुमच्याकडे वेल असो, दुकान असो, घर असो, माझी एवढीच विनंती आहे. हिशेब खरा ठेवा. पान पिवळं दिसलं त्या दिवशी 'पिवळं पान' लिहा, आणि मेली त्या दिवशी 'मेली' लिहा. चौथा शब्द लिहू नका.